उभयचर वाहनांच्या जुन्या टबांची पुनर्निर्मिती : तंत्र, हिशेब आणि धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

प्रस्तावना

एखादे यंत्र जुने झाले म्हणजे त्याचे इंजिन प्रथम निकामी होते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात इंजिन दुरुस्त होते, बदलता येते किंवा दुसऱ्या कंपनीचे बसविता येते. जे सहजासहजी बदलता येत नाही ते त्या यंत्राचे शरीर होय. पाण्यात व जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या लहान सर्वभूमी वाहनांच्या बाबतीत ही गोष्ट विशेषत्वाने खरी ठरते. या वाहनांचे शरीर म्हणजे प्लॅस्टिकचा एक मोठा टब असतो. हा टब केवळ शोभेचे आवरण नसून तोच वाहनाचा तळ आणि तोच त्याची नाव असतो. त्याला तडा गेला की वाहन पाण्यात उतरण्यास अपात्र ठरते. मूळ कंपनी बंद झाली असेल आणि तिचे साचे भंगारात गेले असतील, तर उत्तम चालणारे इंजिन असूनही ते वाहन संपल्यात जमा होते.

प्रस्तुत लेखात अशा जुन्या टबांच्या प्रती कशा तयार केल्या जातात, त्यात कोणत्या शास्त्रीय अडचणी येतात आणि प्रत सदोष झाल्यास कोणता धोका संभवतो, याचे विवेचन केले आहे. धाराशिव जिल्ह्यात अशा वाहनांची परंपरा नाही. तथापि साच्यातून दोन अर्धांग काढून ते जोडण्याच्या कलेची परंपरा या जिल्ह्याला निश्चितपणे आहे आणि पुराच्या पाण्यातून माणसे सुखरूप बाहेर काढण्याची निकडही आहे. या दोन कारणांमुळे हा विषय येथील महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने विचारार्ह वाटतो.

वाहनाचा ऐतिहासिक परिचय

उभयचर वाहनाची कल्पना दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आली. अमेरिकेत जीपचा तरंगणारा अवतार असलेली फोर्ड जीपीए ही गाडी आणि डीयूकेडब्ल्यू हा सहा चाकांचा ट्रक तयार झाला. या दोहोंचे शरीर पोलादी पत्र्याचे होते. युद्धानंतर १९६१ ते १९६८ या काळात जर्मनीत ॲम्फिकार ही प्रवासी मोटार निघाली. तिचाही पत्रा गंजतच असे.

याच सुमारास, म्हणजे १९६० च्या दशकाच्या आरंभी, कॅनडात जिगर हे अगदी लहान, सहा चाकांचे वाहन निघाले. त्यानंतर ॲम्फिकॅट, ॲटेक्स, मॅक्स अशी अनेक नावे उत्तर अमेरिकेत पुढे आली. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९६७ मध्ये सुरू झालेले आर्गो हे नाव आजही टिकून आहे. या वाहनांना सुकाणूचे वेगळे चाक नसते. एका बाजूची चाके रोखून दुसऱ्या बाजूची फिरविली की वाहन वळते. रुंद, कमी दाबाची टायरे चिखलात रुतत नाहीत आणि पाण्यात तीच वल्ह्यांचे काम करतात. पाण्यातील वेग माणसाच्या चालण्याइतकाच असतो.

१९७० मध्ये होंडा कंपनीने तीन चाकांचे हलके सर्वभूमी वाहन बाजारात आणले. पुढे चार चाकांची वाहनेही आली. ती स्वस्त आणि वेगवान असल्यामुळे उभयचर वाहनांचे बरेचसे निर्माते काही वर्षांतच बंद पडले. कारखान्यांबरोबर साचेही गेले. आज जगभर या वाहनांचे जे मोजके जतनकर्ते आहेत, त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न टबाचाच आहे.

भारतात या वाहनांचे महत्त्व अलीकडे नव्याने लक्षात येत आहे. भारतीय सैन्याकडे आलेले एटोर एन १२०० हे प्रचंड टायरांचे उभयचर वाहन २०२५ च्या पंजाबमधील पुरात बचावकार्यासाठी वापरले गेले. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्थेने टाटा समूहाच्या सहकार्याने आठ चाकांचे उभयचर चिलखती वाहन विकसित केले आहे. त्याच शहरातील १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात जुन्या सैनिकी वाहनांचे जतन केले जाते. यावरून हा विषय आपल्या परिसरापासून फारसा दूर नाही असे दिसून येते.

टबाची रचना व त्याच्या नाशाची कारणे

लहान उभयचर वाहनाचे शरीर सामान्यतः दोन भागांचे असते. खालचा भाग म्हणजे टब आणि वरचा भाग म्हणजे झाकण. दोहोंच्या कडा आडव्या पट्टीसारख्या बाहेर वळविलेल्या असतात व त्या एकमेकींवर ठेवून जोडल्या जातात. हा सांधा पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशी योजना असते. टबाच्या आत पोलादी सांगाडा बसतो. त्यावर इंजिन, गिअरपेटी आणि साखळ्या असतात. चाकांचे आस मात्र टबाच्या भिंतीतून आरपार बाहेर येतात आणि ही छिद्रे पाण्याच्या पातळीखाली असतात. म्हणजेच नावेला मुद्दाम सहा भोके पाडून ती पुन्हा बुजवावी असा हा प्रकार आहे.

हे टब मुख्यतः दोन प्रकारच्या प्लॅस्टिकचे असतात, एबीएस आणि उच्च घनतेचे पॉलिथिलीन. कोणते प्लॅस्टिक आहे हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. टबाचा लहानसा तुकडा स्वच्छ पाण्यात टाकावा. पॉलिथिलीनची सापेक्ष घनता सुमारे ०.९५ असल्याने तो तरंगतो. एबीएसची सुमारे १.०५ असल्याने तो बुडतो. ही कसोटी महत्त्वाची अशासाठी की दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. एबीएस विद्रावकाने विरघळते, म्हणून ते चिकटविता येते. पॉलिथिलीनला मात्र कोणताही सामान्य गोंद धरत नाही. त्याला त्याच जातीच्या कांडीने, गरम हवेच्या साह्याने सांधावे लागते. पॉलिथिलीनच्या टबावर काचतंतू व रेझिनचे ठिगळ लावले तर काही दिवसांत ते पापुद्र्यासारखे निघून येते.

एबीएसमध्ये रबरासारखा जो घटक चिवटपणा देतो, तो सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी व प्राणवायूने हळूहळू नष्ट होतो आणि प्लॅस्टिक ठिसूळ बनते. पन्नास वर्षे उन्हात राहिलेल्या टबाला एक तडा सांधला तर शेजारी दुसरा जातो. अशा वेळी दुरुस्ती सोडून पुनर्निर्मितीचा विचार करावा लागतो.

पुनर्निर्मितीचे दोन मार्ग

१) निर्वात पद्धत : मूळ टब याच पद्धतीने होत असत. प्लॅस्टिकचा तक्ता चौकटीत आवळून मऊ होईपर्यंत तापवितात, साच्यावर आणतात आणि तक्ता व साचा यांमधील हवा पंपाने काढून घेतात. बाहेरच्या हवेचा दाब तक्त्याला साच्यावर चेपून बसवितो. हा दाब जास्तीत जास्त दर चौरस मीटरला सुमारे १० टन असू शकतो. एवढा भार सोसणारा साचा, तेवढ्या आकाराची भट्टी आणि पंप ही सामग्री लहान कार्यशाळेच्या आवाक्याबाहेरची असते.

२) काचतंतू पद्धत : यात जुन्या टबावरूनच साचा घेतात व त्या साच्यात काचतंतूंची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर हाताने बसवितात. पाण्याच्या टाक्या, नावा, बसच्या पुढील-मागील बाजू यांसाठी हीच पद्धत रूढ आहे. कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी एफआरपीचे काम जाणणारा कारागीर सहसा आढळतो. म्हणून एक-दोन प्रतींसाठी हाच मार्ग व्यवहार्य ठरतो.

काचतंतू पद्धतीचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील. प्रथम जुना टब धुऊन, तडे भरून, पोलादी चौकटीत ताणून मूळ मापात आणावा. जुना टब जवळजवळ नेहमीच वाकलेला असतो. त्याचे दोन्ही कर्ण मोजून ते समान आहेत याची खात्री करावी. त्यानंतर पृष्ठभागावर मेणाचे अनेक थर द्यावेत, म्हणजे साचा सुटा होईल. बाहेर वळलेल्या अथवा अडणाऱ्या भागांसाठी साचा दोन किंवा अधिक तुकड्यांत घ्यावा. आरंभी जेलकोटचा थर, नंतर चटईचे थर आणि शेवटी बाहेरून आधाराच्या बरगड्या असा साचा पूर्ण होतो. साच्याची जाडी प्रतीच्या दुप्पट-तिप्पट असावी, अन्यथा तो स्वतःच वाकतो. सर्व थर एकाच दिवशी बसवू नयेत. रेझिन कठीण होताना उष्णता बाहेर पडते व जाड थर तापून वेडावाकडा होतो.

येथे स्थानिक हवामानाचा विचार आवश्यक आहे. धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा हवेत रेझिन चटई भिजण्यापूर्वीच घट्ट होऊ लागते. म्हणून काम पहाटे करावे व उत्प्रेरकाचे प्रमाण किमान मर्यादेत ठेवावे. पावसाळ्यातील दमट हवेत ओल शोषलेली चटई रेझिन नीट धरत नाही. सुरक्षिततेबाबत दोन गोष्टी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविल्या पाहिजेत. उत्प्रेरकाचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. आणि उत्प्रेरक व कोबाल्टयुक्त त्वरक हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. ते नेहमी रेझिनमध्ये स्वतंत्रपणे मिसळावे लागतात.

मापांचा हिशेब

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक टब घेऊ. त्याची लांबी १.८ मीटर, रुंदी १.० मीटर, खोली ०.४ मीटर आणि आकार सरळ पेटीसारखा आहे असे मानू.

अ) आकुंचन : तापविलेले प्लॅस्टिक थंड होताना आखडते. एबीएसचे आकुंचन सुमारे अर्धा टक्का, तर पॉलिथिलीनचे सुमारे दोन टक्के किंवा त्याहून अधिक असते. १.८ मीटर लांबीवर हे अनुक्रमे ९ मि.मी. आणि ३६ मि.मी. होते. जुन्या पॉलिथिलीन टबावरून हुबेहूब साचा घेऊन त्यावर पुन्हा पॉलिथिलीनचाच टब काढला, तर तो मूळ टबापेक्षा ३६ मि.मी. आखूड निघेल. मधल्या आसापासून ६०० मि.मी. अंतरावर असलेल्या पुढच्या व मागच्या आसांची छिद्रे प्रत्येकी १२ मि.मी. सरकतील. सांगाडा मात्र मूळ मापाचाच असल्याने आस छिद्रात बसणार नाहीत. जुना टब एकदा आखडलेला असतो. त्याची प्रत दुसऱ्यांदा आखडते. काचतंतूंच्या प्रतीत ही अडचण जवळजवळ उद्भवत नाही, कारण तंतू रेझिनला आखडू देत नाहीत.

आ) जाडी : निर्वात पद्धतीत तळाच्या क्षेत्रफळाएवढा तक्ता ताणून सर्व पृष्ठभाग झाकावा लागतो. आपल्या टबाचा तळ १.८ चौ. मीटर, तर चारही भिंतींसह एकूण पृष्ठभाग ४.०४ चौ. मीटर आहे. म्हणजे तक्ता सुमारे सव्वादोन पट ताणला जातो. ६ मि.मी. जाडीचा तक्ता सरासरी २.७ मि.मी. होतो आणि तळाच्या कोपऱ्यांत त्याहूनही पातळ. दगडावर घासणारे भाग नेमके हेच असतात. जुन्या टबांना तडे कोपऱ्यांतच का जातात याचे एक कारण येथे सापडते.

इ) वजन : ६ मि.मी. तक्त्यापासून झालेला पॉलिथिलीनचा टब सुमारे १० कि.ग्रॅ. भरतो. दर चौ. मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या चटईचे चार थर दिलेला, सुमारे ४ मि.मी. जाडीचा काचतंतूंचा टब सुमारे २४ कि.ग्रॅ. भरतो. वाहन, माणसे आणि सामान मिळून एकूण वजन ४५० कि.ग्रॅ. धरल्यास आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ४५० लिटर पाणी बाजूला सारले जाईल, म्हणजे टब ०.२५ मीटर बुडेल आणि काठाखाली ०.१५ मीटर मोकळी उंची राहील. वाढलेले १४ कि.ग्रॅ. वजन ही उंची ८ मि.मी. ने कमी करते. एवढे सह्य आहे. परंतु 'मजबुतीसाठी' म्हणून थरांवर थर चढविण्याची जी प्रवृत्ती कार्यशाळांत दिसते, तिला येथे मर्यादा घालावी लागते.

ई) गळती : पाण्याखाली ०.२ मीटर खोलीवर आसाभोवती मिळून २० मि.मी. व्यासाच्या छिद्राएवढी फट राहिली असे समजू. त्या खोलीवर पाणी सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने आत येईल आणि प्रवाहाचे नेहमीचे आकुंचन धरूनही मिनिटाला सुमारे २२ लिटर पाणी साचेल. काठापर्यंत बुडण्यास २७० लिटर पुरेसे आहेत. म्हणजे सुमारे बारा मिनिटांत वाहन काठोकाठ बुडते. टायरांमधील हवेची तरंगशक्ती या हिशेबात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा अधिक अवधी मिळेल. दुसरीकडे, आत साचलेले पाणी एका बाजूला धावून वाहन त्याआधीच कलंडू शकते. म्हणून आसनांखाली बंद पेशींचा फेस भरणे आणि प्रत्येक नवा टब माणसे न बसविता, तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून, उथळ पाण्यात तासभर तपासणे हे अनिवार्य मानले पाहिजे.

साचा, खर्च आणि प्रामाणिकपणा

पुनर्निर्मितीतील खरा खर्च प्रतीचा नसून साच्याचा असतो. साच्याला एका प्रतीच्या आठपट खर्च येतो असे गृहीत धरू. दोनच प्रती काढल्या तर प्रत्येक टब पाचपट महाग पडतो. वीस काढल्या तर केवळ १.४ पट. एकट्या हौशी माणसाला जे परवडत नाही ते वीस जणांना मिळून परवडते. म्हणूनच जगभर ही कामे सामायिक साच्यांवर चालतात. जुन्या विलिस जीपचे टब फिलिपिन्समध्ये नव्याने तयार होऊन जगभर जातात, त्यामागेही हेच अर्थशास्त्र आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, भारताच्या २००० च्या आकृतिबंध अधिनियमानुसार नोंदणीकृत आकृतिबंधाला प्रथम दहा आणि मुदतवाढीने आणखी पाच, अशी एकूण पंधरा वर्षेच संरक्षण मिळते. अर्धशतकापूर्वीच्या टबाचा आकार यामुळे सहसा मोकळा असतो. बोधचिन्ह व नाव यांचा हक्क मात्र वेगळा आहे आणि तो चालू राहू शकतो. म्हणून प्रतीवर जुने नाव कोरू नये. उलट ती प्रत असल्याचे, निर्मितीच्या वर्षासह, टबाच्या आतील बाजूस कायमचे नोंदवावे. जतनाच्या क्षेत्रात न सांगितलेली प्रत ही एक प्रकारची फसवणूकच ठरते. मूळ टब कितीही फुटका असला तरी तो टाकून न देता मोजमापांसह जपून ठेवावा, कारण त्याची जाडी, खुणा आणि दुरुस्त्या ही सर्व माहिती प्रतीत उतरत नाही.

धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ

तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे सातवाहन काळातील महत्त्वाचे व्यापारी केंद्र होते. तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात पांढऱ्या केओलिन मातीच्या लहान मूर्ती पाहावयास मिळतात. त्यांतील अनेक मूर्ती दुहेरी साच्याच्या आहेत. पुढचा व मागचा अर्धा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून, आतून पोकळ ठेवून, कडेला जोडलेला आहे. पातळ कवच, पोकळ अंतर्भाग आणि दोन अर्धांगांचा सांधा ही तिन्ही वैशिष्ट्ये उभयचर वाहनाच्या शरीरातही आढळतात. मातीही सुकताना आखडते, म्हणून त्या कारागिरांनाही साचा मूर्तीपेक्षा मोठा घ्यावा लागत असणार हे उघड आहे. इतिहास, पुरातत्त्व आणि अभियांत्रिकी या विद्याशाखांनी एकत्र बसून अभ्यासावा असा हा दुवा आहे.

दुसरा संदर्भ वर्तमानाचा आहे. अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने परंडा व भूम तालुक्यांतील अनेक गावे पाण्याने वेढली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला व हेलिकॉप्टरला पाचारण करावे लागले. बाहेरून मदत येईपर्यंतचे काही तास गावाला स्वतःच्या साधनांवर काढावे लागतात. प्रत्येक गावाला उभयचर वाहन मिळावे अशी अपेक्षा येथे नाही. ती व्यवहार्यही नाही. परंतु टबाची पुनर्निर्मिती करू शकणारी कार्यशाळा तेच साहित्य, तेच कौशल्य आणि तोच हिशेब वापरून साधी, न बुडणारी नाव बांधू शकते आणि फुटलेली नाव दुरुस्तही करू शकते. पुराच्या वेळी एखाद्या दुरुस्त नावेत सहा माणसे बसविण्यापूर्वी ती किती बुडेल आणि काठ किती उरेल हे सांगणारा कोणीतरी तालुक्यात असणे, हा या अभ्यासाचा प्रत्यक्ष लाभ होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) जुन्या उभयचर वाहनांच्या जतनात टब हा निर्णायक घटक आहे. मूळ साचे नष्ट झाल्यामुळे उरलेला प्रत्येक टब हाच भावी साच्याचा एकमेव आधार असतो.

२) मोजक्या प्रतींसाठी काचतंतू पद्धत व्यवहार्य आहे; मात्र वाढणाऱ्या वजनाचा हिशेब आधी केला पाहिजे. मूळच्याच प्लॅस्टिकमध्ये प्रत काढावयाची असल्यास आकुंचनाएवढा मोठा साचा घेणे अपरिहार्य आहे.

३) टबाचे दिसणे मूळासारखे असणे पुरेसे नाही. आसांची छिद्रे, कोपऱ्यांची जाडी आणि तरंगण्याची चाचणी यांवरच त्याची योग्यता ठरते.

४) पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वाणिज्य व इतिहास या विषयांच्या अध्यापकांना एकत्रितपणे विद्यार्थी प्रकल्प देण्यास हा विषय उपयुक्त आहे. पाण्यात टाकलेला प्लॅस्टिकचा तुकडा आणि वाळूच्या पिशव्या एवढ्या सामग्रीवर त्याची सुरुवात होऊ शकते.

समारोप

वस्तू नष्ट झाली तरी साचा असेल तर ती पुन्हा घडविता येते. साचाही नष्ट झाला तर तो घेण्याची विद्या असावी लागते. ही विद्या पुस्तकात अंशतः आणि कारागिराच्या हातात अंशतः असते. महाविद्यालयांनी जिल्ह्यातील एफआरपी कारागिरांना प्रयोगशाळेत बोलावून त्यांच्या हाताला मोजमापाची जोड दिली आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली काम करू दिले, तर येत्या पावसाळ्यांसाठी निदान काही विश्वासार्ह नावा आणि त्यांची पारख असणारी काही माणसे या जिल्ह्यात तयार होतील.